कापलेली सहा कडवी

परवा एका मासिकात बुवांवरचा लेख वाचला आणि माझं डोकं फिरलं. लेख कुणा विद्वान गृहस्थांचा. लोकगीताला इलेक्ट्रिक गिटार लावणारा पहिला माणूस, काळाच्या पुढचा कलावंत, वगैरे नेहमीचं सगळं होतंच. ते मी चहाबरोबर गिळलं. पण पुढे या गृहस्थांनी लिहिलं होतं, की बुवांच्या कॅसेटमधलं प्रत्येक गाणं शेवटी अधांतरी सोडलेलं आहे. गिटार वर चढते आणि तिथेच थांबते, आणि या थांबण्यात म्हणे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान आहे. अपूर्णतेचं सौंदर्य! त्यावर चांगले दोन परिच्छेद खर्ची घातले होते.

ते शेवट बुवांनी केलेले नाहीत. ते मी केलेत. अंधेरीला, मरोळच्या एका गाळ्यात, दाढीच्या अर्ध्या ब्लेडने.

हे सांगायला मला कुणी बोलावलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. बुवांचं नाव मी देणार नाही. त्यांनीच तसं बजावून ठेवलंय, आणि का ते पुढे येईल.

मी तेव्हा पंचविशीची होते. राहायचे मुलुंडला, आईवडिलांकडे. फिजिक्सची पदवी घेऊन चार ठिकाणी वणवण केल्यावर एका कॅसेट कंपनीत चिकटले. कंपनी म्हणजे मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतले दोन गाळे. एकात कॅसेटी भरायच्या, दुसऱ्यात लाकडी खोक्याएवढी एडिटिंग रूम आणि शेजारी साहेबांचं केबिन. ऐंशीच्या दशकाचा मध्य. घराघरात टेपरेकॉर्डर आलेले, आणि गणपतीला गावी जाणारा प्रत्येक कोकणी माणूस पिशवीत दोन-चार कॅसेटी घालून न्यायचा. साहेबांना कुठूनतरी एका बुडालेल्या रेकॉर्ड कंपनीच्या टेपचे जुने स्पूल स्वस्तात मिळाले होते. त्यातला एक बुवांचा. सत्तरच्या सुमाराला काढलेली एकच लाँगप्ले, सहा गाणी. साहेब म्हणाले, “ही गणपतीला काढू. जुना माल, नवं कव्हर. चाकरमानी उचलतील.”

म्हणून बुवा पहिल्यांदा आमच्या गाळ्यात आले. साठीचे असतील. काळेसावळे, हडकुळे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत गिटार. गिटारीची पिशवी जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाची होती आणि तिला छत्रीचीच मूठ लावलेली होती. मुलुंडच्या एका कारखान्यात ते वायरमन म्हणून जन्मभर काम करून नुकतेच रिटायर झाले होते. गेटवरच्या वहीत नाव लिहायला वॉचमनने पेन पुढे केलं, तर त्यांनी लिहिलं: ‘वस्ताद धोंडू गुणाजी, कातळवाडी.’ वॉचमनने तेच नाव आत कळवलं. साहेब गोंधळले. “हे कोण? मी तर बुवांना बोलावलंय.”

ते त्यांचं नेहमीचं होतं. कुणीही नाव विचारलं, की आधी वस्तादाचं नाव, मग वाडीचं, आणि तोवर समोरचा कंटाळला नाही तर स्वतःचं. एकदा रेशनच्या ऑफिसात कारकुनाने नाव विचारलं आणि यांनी जे सांगितलं ते त्याने लिहून घेतलं. वर्षभर घरात रेशन कार्ड वस्तादाच्या नावाचं होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, चार खेपा घालून ते बदलून आणलं. काकी सांगायच्या, “साखर घ्यायला गेले की कारकून विचारायचा, धोंडू तुमचे कोण? मी काय सांगू, सवत म्हणू?” मी हसून हसून बेजार झाले होते. त्या हसण्याची आता मला लाज वाटते, पण हसले होते खरी.

दुसरी खोड याहून भारी. गाणं संपेपर्यंत बुवा जागचे हलायचे नाहीत. आणि गाणं म्हणजे स्वतःचंच नव्हे, कुठलंही. घाटकोपर स्टेशनाबाहेर पानवाल्याच्या रेडिओवर एखादं टुकार सिनेमाचं गाणं लागलेलं असलं, तरी बुवा तिथे उभे. समोरून बस आली, गेली, दुसरी आली, तीही गेली. गाणं संपल्यावर मान हलवायचे आणि म्हणायचे, “बेकार होतं.” मग तिसऱ्या बसची वाट बघायची. मी एकदा वैतागून म्हटलं, “बुवा, बेकार आहे हे पहिल्या ओळीला कळलं नाही का?”

“कळलं.”

“मग?”

“माणूस बोलत असताना उठून जातेस काय तू? शेवटी काय सांगणार हाय, तुला काय म्हाइत?”

आमच्या शिपायाने साहेब येताना दिसले म्हणून पटकन रेडिओ बंद केला, तर बुवा त्याच्यावर असे डाफरले की साहेबच दारात थबकले. “कुणाच्या तोंडावर हात ठेवतोस रे?” म्हणून. आणि भाचीच्या लग्नातला प्रकार तर काकी प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. मामाने नवरीला मांडवात आणायचं, मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झालेली, आणि लाऊडस्पीकरवर कुणीतरी मधेच गाणं लावून ठेवलेलं. बुवा भाचीचं मनगट धरून मांडवाच्या दारात खांबासारखे उभे. भटजी हातवारे करतायत, नवरदेव अंतरपाटावरून डोकावतोय, मुलीची आई रडकुंडीला आलीय. गाणं संपलं तेव्हा मामा पाऊल टाकते झाले. “मुहूर्त गेला,” भटजी म्हणाले. “गाण्याचा नाय गेला,” बुवा म्हणाले.

टाळ्यांचाही त्यांना भयंकर राग. गाण्यात मधे कुणी टाळी वाजवली की हात थांबवून विचारायचे, “डास हाय काय?”

असा माणूस. त्याच्याबरोबर दोन तास काढले की डोकं उठायचं, आणि दोन दिवस आला नाही की चुकल्यासारखं वाटायचं. जुना स्पूल ऐकायला बुवा रोज घाटकोपरहून यायचे. एडिटिंग रूमच्या बाहेर चपला काढायचे. मी सांगायचे, अहो इथे धूळच धूळ आहे, राहू द्या. ऐकायचे नाहीत.

त्या गाण्यांविषयी थोडं सांगायला हवं. कोकणातली जाखडी पुष्कळांनी पाहिली असेल. पायात चाळ बांधून माणसं गोल फेर धरतात, मधे ढोलकी, टाळ आणि शाहीर. बुवांचे वस्ताद हे अशा जाखडीचे शाहीर. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते. अक्षरओळख नाही. गाणी रचायची ती मागावर उभं राहून, त्या खडखडाटात. बुवा लहानपणी मुंबईत आले ते त्यांच्याच खोलीत. वस्ताद मागावर गाणं रचायचे, पाळी संपवून खोलीवर यायचे आणि बुवांकडून ते पाठ करून घ्यायचे, कारण लिहिणार कोण?

“मग गिटार कशाला?” मी विचारलं होतं. हे मला खरंच कळत नव्हतं. साहेबांना वाटायचं फॅशन म्हणून.

बुवांनी त्यावर मला वेड्यात काढलं. “वस्ताद गाणं करायचा तवा बाजूला काय वाजत होतं? ढोलकी? दोनशे साचे वाजत होते. ते ऐकूनच त्याची चाल चढायची. ढोलकीवर गायलं की गाणं लंगडं व्हायचं. मी लय वर्सं शोधत होतो काय कमी पडतंय ते. मग जुहूच्या हाटेलात वायरिंगच्या कामाला गेलो, तिथं एक बँडवाला ही वायरवाली वाजवीत होता. त्याच्या त्या पेटीतनं घर्रर्र आवाज आला, आणि माज्या डोळ्यात पाणी आलं. साचा, बाय! साचा!”

त्या बँडवाल्याचीच जुनी गिटार त्यांनी पुढे घेतली, आपली आपण शिकले, आणि वस्ताद वारल्यानंतर ती लाँगप्ले दोन दिवसांत रेकॉर्ड केली. ती कुणीही घेतली नाही. आपल्या लोकांना ती इंग्रजी वाटली आणि इंग्रजीवाल्यांना गावठी. बुवांनी पुन्हा रेकॉर्डिंग केलं नाही.

आता कॅसेट निघणार म्हटल्यावर मात्र ते हरखले होते. स्वतःसाठी नव्हे. कातळवाडीत वस्तादांची बायको अजून होती. ऐंशीच्या पुढची म्हातारी. लाँगप्ले निघाली तेव्हा वाडीत लाइट नव्हती, तबकडी वाजवायची कशावर? तिने नवऱ्याचं एकही गाणं यंत्रावर ऐकलेलं नव्हतं. “आता वाडीत टेप आलाय,” बुवा मला दहादा सांगायचे. “ह्या गणपतीत म्हातारीला बसवायची पुढ्यात आणि लावायची.”

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना स्वतःचाच संताप येतो.

झालं असं, की साहेबांच्या मेहुण्याने एक गाणं केलं होतं. नाचाचं, नव्या बाजाचं, डबड्यासारखा ठोका असलेलं. ते याच कॅसेटच्या शेवटी घुसवायचं ठरलं. टेपची लांबी ठरलेली. साहेब मला म्हणाले, “प्रत्येक गाण्यातलं मिनिटभर काढ. कळता कामा नये. तुझा हात चांगला आहे.”

तुझा हात चांगला आहे! एवढंसं बोलणं मला पुरलं. मी स्पूल लावून बसले आणि जागा शोधू लागले. सहाही गाण्यांत एक जागा सारखीच सापडली. शेवटच्या कडव्याआधी गिटार एक तान वर चढवते, ढोलकी आणि टाळ एकदम थांबतात, गिटारीचा वरचा सूर हळूहळू विरत जातो, आणि त्या शांततेनंतर शेवटचं कडवं सुरू होतं. कापायला याहून सोयीची जागा असूच शकत नाही. आणि त्या कडव्यांत होतं काय? वस्तादाचं नाव, वाडीचं नाव, सहाही गाण्यांत फिरून फिरून तेच. मला वाटलं, हे बुवांचं नेहमीचं. गेटवरच्या वहीतलं, रेशन कार्डावरचं. ऐकणाऱ्याला त्याचं काय? मी ब्लेडने टेपमधून सहा कडवी कापली. तुकडे भिंतीला चिकटवून ठेवले, जोड तपासले, मान वेळावून स्वतःवर खूश झाले आणि तुकडे टोपलीत टाकले. कॉपी काढून मूळ स्पूल तसाच ठेवावा म्हटलं, तर साहेब नवा स्पूल द्यायचे नाहीत. मूळच कापला.

बुवांना विचारावं असं मला सुचलंही नाही. शिकलेल्या माणसाला असं काही सुचत नाही.

कॅसेटचा समारंभ घाटकोपरला झाला, कोकणी मंडळाच्या छोट्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. नारळ, हार, साहेबांचं भाषण. मेहुणा गॉगल लावून पहिल्या रांगेत. मग लाऊडस्पीकरवर कॅसेट लावली. बुवा उठून उभे राहिले. गाणं ते उभ्यानेच ऐकायचे.

पहिलं गाणं सुरेख चाललं. गिटार वर चढली, ढोलकी थांबली. बुवांनी डोळे मिटले आणि हात जोडले. सूर विरला. आणि दुसऱ्या गाण्याची ढोलकी सुरू झाली.

बुवांनी डोळे उघडले. हात तसेच जोडलेले. त्यांना वाटलं असावं, यंत्रात बिघाड आहे. दुसऱ्या गाण्याला पुन्हा तसंच. गिटार वर चढली, बुवांनी डोळे मिटले, पुढे काही आलं नाही. तिसऱ्या गाण्याला त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे पाहिलं. लोक माना डोलवत होते, कुणाला काही कळलं नव्हतं. माझा हात चांगलाच होता.

दुसरा कुणी असता तर तिथेच ओरडला असता, निदान निघून गेला असता. बुवा सहाही गाणी उभे राहिले. सहा वेळा ते नाव यायची वाट बघितली. मग मेहुण्याचं गाणं लागलं. तेही ठोक्यासकट शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं. ते संपल्यावर माझ्याजवळ आले.

“बाय, पुढचं कुटं हाय?”

“काय पुढचं?”

“कडवं. साही गाण्यांचं शेवटचं. कुणी कापलान?”

मी म्हटलं, “साहेबांनी काढायला सांगितलं.”

हे वाक्य मी कितीदा आठवते, त्याला गणती नाही. त्यात खोटं एक अक्षर नाही. साहेबांनी मिनिटं काढायला सांगितली होती, कुठली मिनिटं ते मी ठरवलं. पण तेवढं उरलेलं वाक्य माझ्या तोंडातून फुटलं नाही. पंचवीस वर्षांची घोडी मी, साहेबाच्या आड लपले.

बुवा साहेबांकडे वळले. “नाव कुटं गेलं?”

साहेबांना काही समजेना. “अरे यार बुवा, नाव कव्हरवर आहे ना तुमचं! हे बघा, एवढं मोठं, फोटोसकट. गीत, संगीत, आवाज, सगळं तुमचं. अजून काय पाहिजे?”

“माजं नाव घाला चुलीत!” बुवा इतक्या मोठ्याने ओरडले की हॉलमधल्या खुर्च्या वाजायच्या थांबल्या. “गाणी वस्तादाची हायत. मी ती गातो त्याच्या नावासकट. शेवटाला ढोलकी थांबते ती कशाला थांबते? त्याचं नाव घ्यायचं म्हणून थांबते. ते नाव हाय तोवर मी चेला. ते काढलंत, आता मी चोर झालो, चोर! वाडीत जाऊन काय सांगू? म्हातारीला सांगू काय, तुज्या घोवाची गाणी आता माजी झाली?”

साहेब हसले. खरंच हसले. माझ्या डोळ्यांसमोर तो चेहरा आजही आहे. “बुवा, आजकाल एवढं लांबण कोण ऐकतं? झकास झालंय. पुढच्या वेळी बघू ना.”

मेहुण्याने गॉगल पुसला. कुणीतरी पेढे फिरवायला लागलं. बुवांच्या हातात त्यांच्या वाटणीच्या वीस कॅसेटींचं खोकं ठेवलं गेलं आणि समारंभ संपला.

दुसऱ्या दिवशी मी टोपली बघितली. रिकामी. शिपाई म्हणाला, कचऱ्याची गाडी परवाच येऊन गेली. बुवा दुपारी गेटवर आले, तर मी त्यांना एवढंच सांगू शकले. “देवनारला गेलं असेल, बुवा.”

“देवनारला कुटल्या बाजूला टाकतात?”

मला वाटलं, रागाने बोलतायत. पण बुवा खरंच गेले. गोवंडीला बसमधून उतरून त्या कचऱ्याच्या डोंगरापर्यंत चालत गेले. तिसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाले, “लय मोठा हाय.”

त्यांच्या घरी एक लाँगप्ले होती, पण ती पत्र्याखालच्या उष्णतेने पापडासारखी वाकली होती. साहेबांकडे मी गेले, म्हटलं, बुवांना बोलावून कडवी पुन्हा रेकॉर्ड करून घेऊ. साहेब म्हणाले, “माल भरून झालाय. तुला काम कमी आहे का?” मी कामाला लागले. नोकरी हवी होती. ही सबब आहे, मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी मी घाटकोपरच्या टेकडीवर त्यांच्या खोलीवर गेले. चढताना मनात वाक्य घोकत होते. काकींनी दार उघडलं. बुवा जमिनीवर बसले होते, पुढ्यात शेजाऱ्याकडून आणलेला टेपरेकॉर्डर, बाजूला खोकं. मी दारातच म्हटलं, “बुवा, साहेबांनी नाही. मी कापली.”

“म्हाइत हाय,” ते वर न बघता म्हणाले. “साहेबाला ब्लेड धरता येत नाय.”

काकी मध्ये पडल्या, “जाऊ दे गो, पोर हायस, वाईट वाटून घेऊ नको.”

“घेऊ दे,” बुवा म्हणाले. “वाईट वाटायलाच पायजे. बस. बटण दाबायला कोणतरी पायजेच होतं.”

बाजारच्या कॅसेटीवर कुणी चुकून रेकॉर्ड करू नये म्हणून तिच्या पाठीला दोन भोकं ठेवलेली असतात. ती कागदाने बुजवली की रेकॉर्ड करता येतं. वायरमनला हे सांगायला नको. बुवांनी वीसही कॅसेटींची भोकं जुन्या कॅलेंडरच्या चिटोऱ्यांनी बुजवली होती. बेत असा, की मेहुण्याचं गाणं पुसायचं आणि त्याच्या जागी सहा कडवी गायची, ओळीने. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी म्हटलं, “एकावर गा बुवा, बाकीच्या मी ऑफिसात कॉपी करून आणते. एका तासाचं काम.”

बुवांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा ब्लेड काढलंय. “वस्तादाच्या नावाची कॉपी करायची? ते दर वेळेला घ्यायचं असतं.”

आणि ते वीस वेळा गायले. दोन रविवार. साठीतला माणूस, पत्र्याची खोली, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपमध्ये येतो. मी बटण दाबायचे, ते गिटारीवर तान चढवायचे, थांबायचे, हात जोडायचे आणि नाव घ्यायचे. सहा कडवी झाली की कॅसेट बदलायची. नवव्या-दहाव्या वेळेला त्यांचा आवाज बसला. मी म्हटलं थांबू या, तर म्हणाले, “वस्ताद साच्यावर बारा तास गायचा.” घशात गरम पाणी ओतायचे आणि पुन्हा. काकी दारात सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या, पण सूप आपटायचा आवाज येईल म्हणून हात आवरलेला. विसाव्या वेळेला आवाज म्हणावा असं काही उरलं नव्हतं. नुसता श्वास आणि नाव.

मी एक कॅसेट मागितली.

“तुला नको,” बुवा म्हणाले. “तुला पाठ झालंय.”

गणपतीत वाडीत काय झालं ते काकींनी परत आल्यावर सांगितलं. घरापुढच्या खळ्यात सगळी जमली. म्हातारीला पुढ्यात बसवली. सहा गाणी झाली. सहाव्यालाही गिटार वर चढून तुटली, मग नुसती खरखर. लोकांना वाटलं संपलं. उठायला लागले, कुणीतरी टेप बंद करायला हात घातला. बुवा एकदम ओरडले, “बसा खाली! गाणं संपलं नाय!” त्या माणसाला हात धरून खाली बसवलं. मग त्यांचा बसलेला आवाज आला आणि नाव आलं. म्हातारीने आयुष्यात स्वतः ते नाव कधी घेतलं नव्हतं. बायका घेत नसत. तिने ते ऐकलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला, सहाही वेळा. शेवटी विचारलं, “गाणारा कोण हाय?” बुवा समोरच बसले होते. म्हणाले, “चेला.”

त्या वीस कॅसेटी कोकणात कुठे कुठे गेल्या, आज कुणाकडे आहेत, ठाऊक नाही. बाजारात मात्र माझीच कॅसेट विकली गेली आणि अजून विकली जाते. मी वर्षभरात ती नोकरी सोडली. चार वर्षांनी बुवा गेले. त्यांना पोहोचवायला मी गेले होते. साहेबांनी हार पाठवला होता.

लेख वाचल्यावर मी मासिकाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, ब्लेडसकट. संपादकांचा फोन आला. फार सभ्य माणूस. म्हणाले, “बाई, तुमची आठवण हृद्य आहे. पण खरं सांगू का, तो शेवट तसाच जास्त परिणामकारक वाटतो हो.” मी फोन ठेवला नाही. त्यांचं बोलणं पुरतं संपू दिलं. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काल घाटकोपरला एका दुकानात ती कॅसेट लागली होती. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मी थांबले. ती खोड आता मला जडलीय. बस आली, गेली. गिटार वर चढली, ढोलकी थांबली, सूर विरत गेला. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि हात जोडून, भर रस्त्यात, दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं,

कातळवाडीचा धोंडू गुणाजी, साच्यावर विणली गाणी,
त्याच्या पायाशी बसून प्यालो ओंजळभर पाणी.